गिटारवरचा नाताळ, बेंजोवरचा गणपती: तुमच्या आठवणी सांगा

वसईची_पोर:
काल इथे सिएटलला किराणा घ्यायला गेले होते. रांगेत असताना स्पीकरवर 'वॉक, डोन्ट रन'ची धून सुरू झाली आणि तिच्यातूनच 'स्ले राइड' निघालं. द व्हेंचर्स, तो गिटारवाला अमेरिकन बँड! १९६५ चा नाताळचा अल्बम! कोथिंबिरीची जुडी हातात तशीच राहिली.
वसईला आमच्या घरी ही एलपी होती, बोटीवरच्या मामाने आणलेली. मध्यरात्रीच्या मिस्सावरून आलो की पप्पा बूटही न काढता आधी ती लावायचे. सुईवरची धूळ फुंकर मारून उडवायची, मग हळूच ठेवायची. 'रुडॉल्फ' या नाताळच्या गाण्याच्या सुरुवातीला बीटल्सच्या 'आय फील फाइन'चा तुकडा आहे. तो आला की दर वर्षी बोट वर करून आमच्याकडे बघायचे. हा बँड इथून तासाभरावरच्या टकोमाचा, हे मला इकडे आल्यावर कळलं. तेव्हा पप्पा नव्हते. सांगायचं राहिलं.
तुमच्या घरी सणाला असं बिनशब्दांचं काय वाजायचं?

चाळकरी७२:
बेंजो!!! गिरगावात वाढलेल्याला दुसरं उत्तरच नाही. टाइपरायटरसारखी बटणं, डाव्या हाताने ती दाबायची, उजव्याने तारा छेडायच्या. आमचा दादा पथकात वाजवायचा, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी बोटांना हळद लावून बसलेला असायचा. आईच लावून द्यायची, शिव्या घालत.

रेवा_पुणे:
आमच्याकडे दिवाळीत इनॉक डॅनियल्स. पुण्याचे, अॅकॉर्डियनवर हिंदी सिनेमाची गाणी. आजोबा पहाटे कॅसेट लावायचे आणि अभ्यंगस्नानाला बसलेल्या आम्हा पोरांना गाणं ओळखायला सांगायचे. डोळ्यांत उटणं, ओळखणार काय!
@वसईची_पोर, पप्पांचं वाचून गलबलले गं.

मुळ्येकाका:
कोथिंबीर तिकडे केवढ्याला मिळते?

वसईची_पोर:
@काका एक डॉलरला जुडी, आणि वास नाही.

ट्रान्सफरवाले:
बाबांच्या बदलीमुळे शाळा कोलकात्यात. पूजेच्या मंडपात दुपारी गर्दी ओसरली की सुनील गांगुलींची हवाईयन गिटार. गाणी बंगाली, मला शब्द यायचे नाहीत, पण गिटारवर सगळी पाठ. मोठेपणी एकाचे शब्द ऐकले तर परकंच वाटलं. घाईत लिहितोय, कुकर झाला.

सुमेधा_न:
विविध भारतीवर कार्यक्रम लवकर संपला की दोन मिनिटं लावायचे तसलं संगीत का? मला ते फार आवडायचं. सणाचं नाही, माफ करा, पण आठवलं.

चाळकरी७२:
@सुमेधा हो हो! तेव्हाच आई म्हणायची, "चला, आंघोळीला पळा."

रेवा_पुणे:
ती एलपी आहे का अजून?

वसईची_पोर:
भावाकडे आहे. 'फ्रॉस्टी'च्या आधी 'टकीला' वाजतं, तिथे ओरखडा आहे, सुई दोनदा अडकते. काल दुकानात ती जागा आली आणि मी अडकायची वाट बघत थांबले. सरळ पुढे गेलं गाणं. गाडीत बसून रडले.

मुळ्येकाका:
पोरी, भावाला फोन कर. तिकडे सकाळ झाली असेल.

वसईची_पोर:
केला काका. लावतोय म्हणाला.