व्हेप रोज वापरला तर किती टिकतो?

रात्रपाळी_रेडिंग
मी इंग्लंडात रेडिंगला असतो, गोदामात रात्रपाळी. पंधरा वर्षं दिवसाला दहा-बारा सिगारेटी ओढल्या, दोन वर्षांपूर्वी सोडल्या आणि व्हेपवर, म्हणजे बॅटरीच्या ई-सिगारेटवर, आलो. आधी ते वापरून फेकायचे घ्यायचो. १ जून २०२५ पासून त्यांची विक्री इथे बंद झाली, मग चार्जिंगचा पॉडवाला, म्हणजे लिक्विड भरायच्या छोट्या टाकीचा, घेतला. त्याला जेमतेम चार महिने झालेत. घरून फुल चार्ज करून निघतो, तरी दोनच्या ब्रेकला लाल दिवा. वर झुरका घेतला की जळक्या कापसाची चव. कॉइल, म्हणजे कापूस गुंडाळलेली तापणारी तार, बदलली, दोन दिवसांत पुन्हा तेच. दुकानदार म्हणतो, "याचं आयुष्यच एवढं, नवा घ्या." खरंय का हे?

जुना_धूरवाला
दोन वेगळी दुखणी आहेत, एकत्र करू नका. कॉइल झिजणारच, आठवडा-दोन आठवडे धरा. दोनच दिवसांत जळते म्हणजे काहीतरी चुकतंय. लिक्विड कुठलं वापरता? आणि नवी कॉइल घातल्यावर किती वेळ थांबता?
बॅटरीचं म्हणाल तर लिथियम-आयन साधारण ३०० ते ५०० पूर्ण चार्ज झेलते, मग दम कमी होत जातो. रोज एक चार्ज धरला तर चार महिन्यांत सव्वाशेसुद्धा होत नाहीत. इतक्यात मान टाकायला नको. चार्जिंगच्या भोकात खिशातला कचरा अडकलाय का, तेवढं बघा.

रात्रपाळी_रेडिंग
लिक्विड आंब्याचं, गोडमिट्ट. आणि थांबणं कसलं? ब्रेकच दहा मिनिटांचा. कॉइल घातली, भरलं, ओढलं.
भोकातून टूथपिकने जॅकेटचा बराच लोकर-भुगा निघाला. बायको म्हणाली, आता कानही कोरून घे. बॅटरीत मात्र फरक नाही.

जुना_धूरवाला
मग कॉइलचं उत्तर मिळालं की! कापूस भिजायच्या आत तापवला तर तो जळणारच. घरी भरा, दहा मिनिटं उभा ठेवून द्या, तोवर जेवणाचा डबा भरा. आणि त्या गोड लिक्विडमधली साखरेसारखी गोडी कॉइलवर करपते. चहाच्या भांड्याच्या बुडाला काळं धरतं ना, तसं.

लेस्टरची_मावशी
मी ओढत नाही, पण दुकानात काम करते म्हणून सांगते. बिल आहे का? नसेल तर बँकेतली नोंदही चालते. इथल्या २०१५ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे सहा महिन्यांच्या आत दोष निघाला तर तो मुळातच होता असं धरतात. नव्हता, हे दुकानदाराने दाखवायचं. दुरुस्ती किंवा बदली मागा. कॉइलबद्दल अवाक्षर काढू नका, नाहीतर तो तिथेच धरून बसेल.
आणि दिवाळीला घरी जाणार असाल तर तो इथेच ठेवून जा हो. भारतात २०१९ च्या कायद्याने हे आणायलाही बंदी आहे.

रात्रपाळी_रेडिंग
मावशी, फोनवर बँकेची नोंद दाखवली आणि "सहा महिने" एवढंच म्हणालो. गडी आत गेला, पाच मिनिटांनी नवा डबा घेऊन आला. चेहरा मात्र असा, जसं मीच त्याचं काही उचलून नेतोय.
लिक्विड तंबाखूच्या चवीचं घेतलंय. बेचव आहे, पण कॉइलचा आज अकरावा दिवस. परवा पहाटे सहाला सुटलो तेव्हाही दिवा हिरवाच होता.