मदत हवी आहे : चौकात वाहनं आणि माणसं मोजायची आहेत

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकच्या इंदिरानगरातले दहा-बारा जण (निवृत्त काका-मावश्याच जास्त, कॉलेजची पोरं तीन) मुंबई नाक्याजवळ आणि द्वारका चौकात रहदारीची मोजणी करणार आहोत. सिंहस्थाच्या निमित्ताने रस्त्यांची कामं निघतायत, पण रस्ता पायी ओलांडणाऱ्यांचा आकडा कुणी विचारत नाही. मागे एका बैठकीत आम्ही तक्रार केली, तर "डेटा आहे का?" म्हणाले. नव्हता.

ठरलंय ते एवढंच : मंगळवार ते गुरुवार, सकाळी ८ ते ११, दर पंधरा मिनिटांचा वेगळा रकाना, पाच-पाचच्या रेघा. दुचाकी, रिक्षा, कार, बस, ट्रक, सायकल वेगवेगळे. नियोजनवाले हे सगळं 'पीसीयू'मध्ये, म्हणजे कारच्या मापात बदलतात. त्यात पायी चालणारा माणूस बसतच नाही, म्हणून त्याचा कागद स्वतंत्र ठेवतोय.

अडलंय ते इथे. द्वारकेला इतक्या बाजूंनी गाड्या येतात की कोण कुठे वळला हे दोन डोळ्यांना टिपता येत नाही. वळणांची मोजणी कुणी केली आहे का? किती माणसं लागतात? मोबाईलवर व्हिडिओ काढून घरी मोजलं तर चालेल का, आणि लोकांच्या चेहऱ्यांचं, नंबरप्लेटचं काय करायचं?

शिवाय सिटीलिंकच्या (शहर बसच्या) थांब्यांवर शेड, बाक आहे की नाही हे ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणीही भर घालू शकेल अशा ऑनलाइन नकाशावर भरायचंय. कुणी ट्रॅफिक इंजिनिअरिंग शिकलेलं असेल तर रविवारी तासभर या ना, चहा आमच्याकडून.