आधी एकच कोपरा गजबजू द्या
कॅमेऱ्यांवर गप्पा मारायला नवा ऑनलाइन फोरम काढलाय, पण मोठ्या कम्युनिटी आधीच असताना माणसं आणायची कुठून, आणि त्यासाठी आणखी विभाग उघडावेत का, असा तुमचा प्रश्न आहे. विभाग अजिबात वाढवू नका. रिकाम्या विभागांत 'शेवटची पोस्ट : चार महिन्यांपूर्वी' दिसलं की आलेला माणूस आल्या पावली परत जातो. कॅमेऱ्यांवर सगळीकडेच बोलणं चालतं. तुम्ही फक्त जुन्या फिल्म कॅमेऱ्यांची दुरुस्ती धरा. अडकलेल्या शटरचं फोटोंसकट उत्तर तुमच्याकडेच मिळतंय म्हटल्यावर शोधणारे आपसूक येतात.

सदस्यसंख्येवर जाऊ नका. वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडलेला ठोकताळा असा : ९० टक्के लोक नुसतं वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात, बाकी बहुतेक मजकूर उरलेल्या १ टक्क्याचा. त्या एक टक्क्याला जपा. नवख्याच्या पहिल्या प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर मिळालंच पाहिजे, मग ते तुम्हालाच का द्यावं लागेना. रेडिट या चर्चेच्या मोठ्या साइटच्या संस्थापकांनी तर सुरुवातीला खोट्या नावांनी स्वतःच पोस्टी टाकल्या होत्या. (तसं करा असं म्हणत नाहीये, उघडं पडलं तर पत जाते.) दुसऱ्यांकडे जाऊन लिंका चिकटवणं मात्र नकोच, तिथले ॲडमिन पहिल्या फटक्यात उडवतात.