उघड्या कानाचे इअरबड्स : कुणी वापरतंय का? अनुभव लिहा

पहाटफेरी :
काल लेकाला चार हाका मारल्या. पाचवीला जाऊन खांद्यावर हात ठेवला तर उडालाच. दोन्ही कानांत बोळे. रागवायला तोंड उघडलं आणि एकदम आई आठवली. जिन्याच्या पायरीवर बसलेली आई.

तेव्हा मी बावीस-तेवीसची असेन. घरी व्यायाम करायचं नवं खूळ. वायरचे, रबरी टोकाचे, कानात घट्ट बसणारे इअरफोन, गाणी छोट्या प्लेअरवर, फोन आतल्या खोलीत चार्जिंगला, आणि दोरीवरच्या उड्या. आई बाहेरून आली, किल्ली घरातच विसरलेली. बेल वाजवली, दार ठोठावलं, फोन केले. पाऊण तास. मी कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला दार उघडलं तर ही पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. म्हणाली, "झालं का तुझं?" बस्स. त्यावरून नंतरही कधी काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता आई माझ्याकडे असते आणि हाक हळू मारते. मला चालताना आणि व्यायामाला काहीतरी कानाशी लागतंच, पण कान उघडे हवेत. हाडांतून ऐकवणारे, हुकवाले, चिमट्यासारखे, काय काय निघालंय. जाहिराती वाचून डोकं फिरलंय, वापरलेल्यांनी लिहा. विषयांतर चालेल (होणारच आहे).

अडीचकिलोमीटर :
हाडवाले. तिसरं वर्ष. मानेमागून पट्टी जाते तो प्रकार, शॉक्झचा ओपनरन, २६ ग्रॅम. कानाच्या पुढे हाडावर टेकतो, हाड थरथरतं आणि आवाज पडद्याला वळसा घालून आतल्या कानात जातो. पहिले दोन दिवस गालाला गुदगुल्या झाल्या. ढोल असलेलं गाणं मोठ्याने लावलं की अजूनही होतात.

धावायला एक नंबर. मागून सायकल आलेली कळते, कुत्रं किती लांबून भुंकतंय ते कळतं. आणि खरं सुख वेगळंच आहे. कान बुजवून धावलं की प्रत्येक पाऊल डोक्यात धप्प वाजतं. हाडांतून वर आलेला आवाज बंद कानातून बाहेर निसटू शकत नाही म्हणून. कानात बोटं घालून चालून बघा, पटेल. उघड्या कानाने ते गायब.

पण पाठीवर पडून पोटाचे व्यायाम केलेत की मागची पट्टी जमिनीला टेकते आणि सगळं सरंजाम पुढे सरकतं. उंच कॉलरच्या जॅकेटमध्ये मान वळवतानाही अडतं. धावणाऱ्यांनी घ्या, लोळणाऱ्यांनी घेऊ नका.

निवांत_नाना :
लोक घरच्यांचं ऐकू येऊ नये म्हणून पैसे खर्च करतात, तुम्ही ऐकू यावं म्हणून करताय. दंडवत घ्या.

चष्मिष्ट :
पहिला प्रश्न, चष्मा आहे का? मी हुकवाले घेतले होते. कानामागे जागा एक आणि गिऱ्हाईकं तीन: चष्म्याची काडी, बडचा हुक, सायकलच्या हेल्मेटचा पट्टा. हेल्मेट काढलं की तिन्ही वस्तू एकदम हातात. विकून टाकले.

आता चिमट्यावाले आहेत, कानाच्या बाहेरच्या कडेला अडकवायचे. बोसने २०२४ मध्ये अल्ट्रा ओपन काढले तेव्हापासून हा आकार सगळ्यांनी उचललाय. चष्म्याशी भांडण नाही, उड्या मारल्या तरी पडत नाहीत. दीड तासाने कड दुखते, मग जरा वर-खाली सरकवायचं. कानाच्या वरच्या भागात कानातलं घालत असाल तर आधी लावून बघा, ते नेमकं तिथेच येतं.

आणि घामाचा टी-शर्ट डोक्यावरून काढण्याआधी बड्स काढा. का ते विचारू नका.

खारूताई :
का?

चष्मिष्ट :
विचारलंतच. धुतला गेला. मशीनच्या काचेतून दिसत होता गरगरताना. वाळवला तर चक्क वाजला! दोन दिवसांनी डबीत ठेवला की चार्ज होईना.

वायरमन :
धुण्याने नाही, ओला डबीत ठेवल्याने गेला असणार. सगळ्यांसाठी लिहितो, कारण खोक्यावरचं 'आयपीएक्स४' वाचून लोक बिनधास्त होतात. ४ म्हणजे कुठूनही शिंतोडे उडाले तर चालतील, एवढंच. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, तेही साध्या पाण्यात. घाम आणि साबण त्या परीक्षेत नसतात. मधला 'एक्स' म्हणजे धुळीबद्दल काही सांगितलेलंच नाही. आणि हा आकडा बहुतेक वेळा बडचा असतो, डबीचा नाही.

घामात मीठ असतं. ओला बड डबीत टाकला की चार्जिंगच्या पिनांवर वीज आणि मीठ एकत्र येतात, हिरवट-काळा थर चढतो, आणि मग एक कान चार्ज आणि एक कान मेलेला. व्यायाम झाला की सुक्या फडक्याने पुसा, दहा मिनिटं उघड्यावर ठेवा, मग डबीत. हे एवढं केलंत तर बॅटरी म्हातारी होईपर्यंत चालतात. ती होतेच, इवलीशी असते आणि बदलता येत नाही.

निवांत_नाना :
माझा डावा चार दिवस गायब आहे. घरात कुणाला काही सुचतंय का?

अडीचकिलोमीटर :
नाना, ॲपमध्ये 'आवाज करा' असतं.

निवांत_नाना :
केला. आवाज नाही.

वायरमन :
चार्ज उतरला असेल. किंवा ब्लूटूथच्या टप्प्याबाहेर. ॲप शेवटी कुठे जोडलेला होता ते दाखवतं, तिथून सुरुवात करा.

निवांत_नाना :
"घर" असं दाखवतंय. आभारी आहे.

झोपाळू :
ऑफिसात वापरणार असाल तर माझा किस्सा वाचा. लिफ्टमध्ये आम्ही चार जण. मी चिमट्यावाल्यांतून पोट कमी करण्यावरचं व्याख्यान ऐकत होतो. "आता पोट आत ओढा," असं बाई म्हणाल्या आणि शेजारच्या गृहस्थांनी ओढलं.

चष्मिष्ट :
मेले 😂

खारूताई :
मग सोडलं का त्यांनी?

झोपाळू :
चौथ्या मजल्यापर्यंत नाही.

वायरमन :
हसू आवरून सांगतो. बऱ्याच बड्समध्ये मागच्या भोकातून उलटा आवाज सोडतात. थोडं लांब गेलं की दोन्ही लाटा एकमेकींना खाऊन टाकतात, म्हणून शेजाऱ्याला कमी ऐकू येतं. पण ही युक्ती खालच्या पट्टीत चालते, वरच्या पट्टीत तितकी नाही. त्यामुळे लिफ्टसारख्या शांत डब्यात 'स', 'श' आणि बाईंचं पोट आत ओढा बाहेर जाणारच. खर्ज कमी का वाटतो तेही यातच आलं: कान बंद नसला की खालचे सूर टिकत नाहीत. भरदार ढोल हवा असेल तर हा प्रकार तुमचा नाही. बोलणं, पुस्तकं, भाषणं यांना मस्त.

खारूताई :
माझं कारण फार सुंदर नाही. कानात बुरशी झाली होती. हो, बुरशी. व्यायाम, त्यानंतर घामेजल्या कानात तेच रबर घालून दिवसभर कॉल. आधी खाज, मग दडे बसल्यासारखं, मग एके रात्री ठणका. कानाच्या डॉक्टरांनी नळीने ओढून साफ केलं (तो आवाज विसरणार नाही), थेंब दिले आणि सहा आठवडे कानात काहीही घालायचं नाही म्हणाले. काडी नाही, बड नाही, बोटही नाही.

सहा आठवडे गाण्याशिवाय स्क्वॅट्स करून बघा. माणूस आकडे मोजायला शिकतो. मग हुकवाले घेतले, स्पीकर कानाच्या भोकासमोर तरंगतो, आत काही जात नाही. दोन वर्षं झाली, पुन्हा त्रास नाही. कॉलवर स्वतःचाच आवाज माठात बोलल्यासारखा येत नाही हा वरचा फायदा. वाऱ्यात मात्र समोरच्याला माझ्याऐवजी वाराच ऐकू जातो.

कानफाट्या :
नाव उगाच नाही घेतलं. डाव्या पडद्याला लहानपणापासून भोक आहे. रबरवाले घातले की कान वाहायचा, न घातले तर डावीकडे जेमतेम ऐकू यायचं. मित्राने धावताना त्याचे हाडवाले दिले, म्हणाला बघ लावून. लावले आणि थांबलो. गाणं डावीकडूनही येत होतं. उलट डावीकडे जरा जास्तच. डॉक्टर कपाळावर तो वाजणारा काटा टेकवतात ना, त्यातही आवाज माझ्या अधू कानाकडेच झुकतो. रस्ता बंद असला तरी आतलं घर शाबूत आहे, असं समजा.

चाळिशी ओलांडली होती माझी. मित्र पुढे गेला होता, परत आला आणि विचारायला लागला काय झालं, पाय मुरगळला का. हो म्हणालो.

पहाटफेरी :
@कानफाट्या, हे वाचून काही सुचेना. आईला हल्ली कमी ऐकू येतं. तिलाही असं काही लावून बघावं का?

कानफाट्या :
आधी तपासणी. पडद्यात किंवा मधल्या कानात अडथळा असेल तर हाडांतून फरक पडतो. वयाने येणारा बहिरेपणा बहुतेक वेळा आतल्या कानाचा असतो, तिथे हे उपयोगाचं नाही, कानाचं मशीनच लागतं. मनाने काही घेऊ नका.

उलटसुलट :
सगळे कौतुक करताय म्हणून उलट बोलतो. जिममध्ये त्यांची गाणी ढणाणा चालू असतात, त्यावर आपली लावायची म्हणजे आवाज वाढवायचा. रस्त्यावर गाड्या, पुन्हा वाढवायचा. कान बंद असता तर निम्म्या आवाजात भागलं असतं. कान उघडा म्हणजे कान सुरक्षित असं नाही. हाडवालेही शेवटी त्याच आतल्या कानाला बडवतात.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास असा आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ९० वर गेलात की आठवड्यात ४ तास, संपलं. फोनच्या सेटिंगमध्ये मर्यादा लावता येते, मी लावली आणि मग कळलं की जिममध्ये मला माझं काही ऐकूच येत नाही. आता जिमला आणि प्रवासाला कान बंद करणारे, घरी आणि फिरायला उघडे. दोन जोड्या. बायको म्हणते चपला पण एवढ्या नाहीत तुझ्याकडे.

अडीचकिलोमीटर :
मान्य. वर्दळीच्या रस्त्याला मी बंदच करतो. पण आवाज पारदर्शक करणारे मोड असतात ना बंदवाल्यांत?

उलटसुलट :
असतात. माइक बाहेरचं पकडून आत वाजवतो. वारा सुटला की फक्त वाराच वाजतो. आणि कानात बोळा तो बोळाच, खारूताईंना विचारा.

खारूताई :
🙏 नको.

पाणकोंबडी :
पोहणारं कुणीच नाही का इथे? ब्लूटूथ पाण्यात चालत नाही बरं का, २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी पिऊन टाकतं, फोन काठावर ठेवून काही उपयोग नाही. म्हणून पोहायच्या हाडवाल्यांत गाणी आतच भरायची असतात. माझ्याकडे ओपनस्विम आहे, ४ जीबी, आयपी६८ (म्हणजे पाण्यात बुडवलेलं चालतं).

पण गाणी फाइलच्या रूपात आहेत कुणाकडे आता? जुनी हार्ड डिस्क काढली. गाणी शोधता शोधता एक फोल्डर सापडला, जुन्या फोनमधली रेकॉर्डिंग्ज. त्यात आजोबा. एक मिनिट चाळीस सेकंद. मला गणित समजावतायत आणि मध्येच खोकतायत. ती फाइल भरली तर यंत्राला वाजवताच येईना, .एएमआर आहे म्हणे.

वायरमन :
जुने फोन त्यातच साठवायचे. एमपी३ करून घ्या, मोफत प्रोग्रॅम मिळतात, दोन मिनिटांचं काम. मूळ फाइल पुसू नका मात्र.

पाणकोंबडी :
झालं! आज सकाळी ऐकलं. पाण्यात हाडांतून आवाज फार स्वच्छ येतो, विशेषतः कानात बोळे असले की. तिसऱ्या फेरीला आजोबा "कळलं का?" म्हणाले आणि नाकात पाणी गेलं.

झोपाळू :
गणित कळलं का पण?

पाणकोंबडी :
तेव्हाही नाही, आताही नाही.

पहाटफेरी :
सगळ्यांचे आभार, दोन दिवस कामं सोडून वाचतेय. मैत्रिणीकडचे तिन्ही प्रकार लावून उड्या मारल्या, खाली वाकले, पाठीवर लोळले. चिमट्याने कड दुखली, हाडवाल्याची पट्टी लोळताना टोचली. चष्मा नाही, त्यामुळे हुकवाले घेतले. फोन आणि लॅपटॉप एकाच वेळी जोडले जातात हे पाहून घेतलं, नाहीतर दर कॉलला खटपट.

आईला लावून दाखवले. म्हणाली, "तुला यातून माझी हाक ऐकू येते का, बघू," आणि आत जाऊन अगदी हळू काहीतरी बोलली. नाही आलं ऐकू. गाणं थांबवून विचारलं काय म्हणालीस, तर म्हणे काही नाही. तिच्या कानाच्या तपासणीची वेळ घेतलीये, गुरुवारची.

कानफाट्या :
कळवा काय म्हणतात ते.

निवांत_नाना :
डावा सापडला. बुटात.

चष्मिष्ट :
कुठल्या?

निवांत_नाना :
उजव्या.