आयएनएस कृष्णा आणि अँड्रोमेडा, एकच बोट का? मामांच्या ट्रंकेतला फोटो

पारोळ्याची_भाची :
माझे मोठे मामा नौदलात होते. मागच्या पौषात ते गेले. त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली तेव्हा वर्दीतला एक फोटो निघाला. मागे निळ्या शाईनं लिहिलंय, ‘आयएनएस कृष्णा, कोची, १९९७’. त्याच ट्रंकेत एक जाड वही आहे. तिच्या पहिल्या पानावर मात्र ‘अँड्रोमेडा, एफ ५७’ असं आहे. आजी म्हणते, त्या वर्षांत तो एकाच बोटीवर होता.
दहाव्याला आलेल्या एका काकांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, “इंग्रजांनी टाकून दिलेलं भंगार आपण आणलं होतं, तीच ही बोट.” मला ते फार लागलं. मामा सुट्टीवर आले की ओट्यावर बसून त्या बोटीबद्दल असं बोलायचे, जसं आजोबा बैलजोडीबद्दल बोलायचे. दोन नावं कशी आली? आणि ती खरंच भंगार होती का? कुणी तिच्यावर काम केलं असेल तर कृपया लिहा.

तापीकाठ :
एकच जहाज आहे. लिअँडर या ब्रिटिश आराखड्याची फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची लढाऊ नौका, इंग्लंडमध्ये पोर्ट्समथच्या सरकारी गोदीत बांधलेली. १९६७ मध्ये पाण्यात उतरली, डिसेंबर १९६८ मध्ये ब्रिटिश नौदलात दाखल झाली. एफ ५७ हा तिचा तिकडचा क्रमांक. १९९३ मध्ये त्यांनी ती निवृत्त केली, १९९५ मध्ये भारतानं घेतली. निशाण बदललं की नावही बदलतं. आपल्याकडे नदीचं नाव मिळालं. त्याआधीही एक ‘कृष्णा’ होती, दुसऱ्या महायुद्धातली, तीही पुढे प्रशिक्षणालाच वापरली. ही दुसरी कृष्णा मे २०१२ पर्यंत चालली. म्हणजे तिकडे जवळजवळ पंचवीस वर्षं, इकडे सतरा.

चोपड्याचा_स्टोकर :
ताई, मी तिच्यावर होतो. १९९६ ते १९९९. तुमच्या मामांना मी नक्की पाहिलेलं असणार. जहाजावर अडीचशेच्या आसपास माणसं, पण खाली बॉयलर-इंजिनाकडे उतरणारे सगळे एकमेकांना ओळखतात. ते वर डेकवर होते की खाली, एवढं कळवा.
मी चोपडा तालुक्यातला, केळीच्या बागेतला पोरगा. ओडिशात चिल्क्याला भरतीनंतरचं प्रशिक्षण, मग लोणावळ्याला आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात इंजिनाचं काम शिकलो. कृष्णावर जाण्याआधी हिमगिरीवर होतो, आणि खरी गोष्ट इथेच आहे. नीलगिरी, हिमगिरी, उदयगिरी, दुनागिरी, तारागिरी, विंध्यगिरी या सहा फ्रिगेटी मुंबईत माझगाव गोदीत बांधल्या त्या याच लिअँडरच्या आराखड्यावर. पहिली नीलगिरी १९७२ ची. त्यामुळे ‘इंग्रजांच्या’ जहाजावर पहिल्या दिवशी शिडी उतरलो तेव्हा परक्या घरात आल्यासारखं वाटलंच नाही. दोन बॉयलर, दोन टर्बाइन, तीस हजार अश्वशक्ती. अंधारातसुद्धा हात बरोबर व्हॉल्व्हवर गेला. पट्ट्यांवरची अक्षरं घासून घासून गुळगुळीत झाली होती, एवढाच फरक. आपल्याकडे नवऱ्याकडची चुलत बहीण पहिल्यांदा घरी यावी आणि तिचा चेहरा सासूसारखा निघावा, तसं.
आता भंगाराचं. भंगार म्हणजे ज्याच्याकडे कुणी पाहत नाही ते. आमच्या बॉयलरकडे चोवीस तास कुणी ना कुणी डोळे लावून असायचं. काचेच्या नळीत पाण्याची पातळी दिसते. ती खाली गेली तर नळ्या जळतात, वर गेली तर पाणी वाफेबरोबर टर्बाइनमध्ये शिरतं आणि पाती तुटतात. चार तासांच्या वॉचमध्ये, म्हणजे पाळीत, त्या काचेवरून नजर काढायची नाही. चिमणीतून निघणारा धूरही आम्ही खालून आरशात बघायचो. काळा धूर म्हणजे हवा कमी पडते. पांढरा म्हणजे हवा जास्त, आणि तो काळ्यापेक्षा वाईट, भट्टीत स्फोट होऊ शकतो. गुऱ्हाळावरचा जुना गुळव्या चुलाणाचा जाळ बघून जे ओळखतो, तेच हे.
आणि वाफ. लोकांना वाटतं वाफ पांढरी दिसते. तापवून कोरडी केलेली वाफ दिसतच नाही. पाइपातून सुटली तर फक्त कर्कश आवाज येतो, आणि मध्ये हात गेला तर हात जातो. म्हणून काठीला चिंधी बांधून ती पुढे धरत, पावलापावलानं शोधायचं. चिंधी जिथे फाटून उडाली तिथे गळती. मला हे माझ्या जुन्या चीफनं शिकवलं, मी पुढे चौदा जणांना शिकवलं. मोजून सांगतो, कारण त्या चौदांची नावं मला पाठ आहेत.
पहिल्या सुट्टीत आईनं विचारलं होतं, “पोऱ्या, तठलं पानी खारट ना, मंग तुम्ही पेतस काय?” तिला सांगितलं, समुद्राचंच पाणी उकळून, वाफ थंड करून गोडं करतो. पण आधी बॉयलरला, मग माणसाला. बॉयलरला लागणारं पाणी पिण्याच्या पाण्याहून शुद्ध हवं. मिठाचा अंश आत गेला की नळ्या आतून कुजतात. त्यामुळे दर वॉचला पाण्याची तपासणी आणि नोंद. मे महिन्यात पाण्यासाठी टँकरची वाट पाहिलेला माणूस हे काम मनापासून करतो, एवढं नक्की.
ती आपल्याकडे लढायला आली नव्हती, शिकवायला आली. कॅडेट यायचे, वीस-बावीस वर्षांची पोरं. पहिल्या आठवड्यात बादली धरून बसलेली, सहा महिन्यांनी रात्री एकट्यानं तारे पाहून जहाजाची जागा काढणारी. त्यांतले आज मोठ्या जहाजांचे कप्तान झाले असतील. त्या काकांना हे सांगा.

भुसावळचा_लोको :
मी रेल्वेत होतो, वाफेची इंजिनं हाताळली आहेत, त्यामुळे वरचं वाचून अंगावर काटा आला. तरीही एक बाजू मांडतो. १९९५ मध्ये इंग्रज स्वतः गॅस टर्बाइनवर गेले होते. आपण मात्र तेल पिणारं, अडीचशे माणसं लागणारं जहाज घेतलं. शिकवायचंच होतं तर उद्या जे चालवणार त्यावर शिकवावं.

चोपड्याचा_स्टोकर :
भाऊ, तुमचा मुद्दा खोटा नाही. पण उद्या काय चालवणार होतो ते पाहा. गोदावरी, गंगा, गोमती या आपल्या तिन्ही फ्रिगेटी वाफेवर. ब्रह्मपुत्रा २००० साली दाखल झाली, नंतर बेतवा आणि बियास, त्याही वाफेवर. आणि विराट ही विमानवाहू नौका तर २०१७ पर्यंत. तेव्हा वाफेचा माणूस तयार करणं ही त्या वेळची गरजच होती. शिवाय कॅडेट तिथे बॉयलरपेक्षा समुद्र शिकायचा.
विराटवरून आठवलं. ती म्हणजे इंग्रजांची हर्मिस. १९८२ च्या फॉकलंडच्या लढाईत हर्मिस होती आणि अँड्रोमेडाही होती. त्याआधी १९७५-७६ च्या हिवाळ्यात, मासेमारीच्या हद्दीवरून आइसलँडशी वाद झाला तेव्हा, तिथल्या गस्ती नौकांशी अँड्रोमेडाची टक्करही झाली होती. एवढं सोसून आलेलं जहाज आम्हाला मिळालं होतं. रात्रीच्या वॉचला मी कधी कधी त्या पोलादावर हात ठेवून उभा राहायचो.

तापीकाठ :
एक भर. आता आपणही देणारे झालो आहोत. आयएनएस कृपाण ही कॉर्व्हेट, म्हणजे फ्रिगेटीहून लहान लढाऊ नौका, १९९१ पासून आपल्या सेवेत होती. जुलै २०२३ मध्ये कॅम रान बंदरात ती शस्त्रांसकट व्हिएतनामला दिली. तिकडेही कुणी खलाशी तिची शिडी पहिल्यांदा उतरला असेल.

पारोळ्याची_भाची :
सगळ्यांचे आभार. आजीला वाचून दाखवलं. चोपड्याच्या काकांनी विचारलं होतं ते सांगते. ती वही आत्ता नीट पाहिली. पानापानावर वेळा आहेत, चार-चार तासांच्या अंतरानं, आणि पुढे आकडे. वर मामांच्या अक्षरात ‘बॉयलर पाणी’. दोन ठिकाणी आकड्याखाली लाल रेघ मारली आहे.

चोपड्याचा_स्टोकर :
मग ते खालीच होते, ताई. लाल रेघ म्हणजे मीठ वाढलं होतं आणि त्यांच्या वेळेत लक्षात आलं. फोटोत दुसऱ्या रांगेत डावीकडे उंच, मिशीवाला, हाताची घडी घातलेला आहे का पाहा. असेल तर तो मी. वही ट्रंकेत ठेवू नका, पावसाळ्यात पत्र्याला घाम येतो. मी दिवाळीआधी पारोळ्याला येतो.