एकरंगी जलरंगात डोंगरांच्या रांगा वाळल्यावर एक होतात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पेन्स ग्रे (निळसर गडद करडा) हा एकच रंग घेऊन धुक्यातल्या डोंगररांगा रंगवतेय. सहा वेळा केलं, सहाही वेळा तेच. ओलं असताना चारही रांगा सुट्या दिसतात. वाळल्यावर मागच्या दोन एकमेकींत मिसळून जातात आणि पुढची, जी चांगली काळी वाटत होती, तीही करडी पडते. चित्र सपाट होऊन जातं.

कागद सुती, ३०० जीएसएम (म्हणजे जाड), कोल्ड प्रेस्ड (किंचित खरखरीत). आकाशाचा वॉश (पाणीदार रंगाचा पातळ थर) पूर्ण वाळू देते, मग सगळ्यात मागची रांग फिकट, आणि पुढे येताना दर वेळी पाणी थोडं कमी.

दुसरं दुखणं धुक्याचं. पायथ्याशी रंग विरत जावा म्हणून ओला ब्रश फिरवते, तर फुलकोबीसारखे डाग उठतात. एकदा ते पुसायला गेले आणि कागदाचा पृष्ठभागच सोलला.

पांढरा गौश (अपारदर्शक जलरंग) लावायचा नाहीये. कागदाच्या पांढऱ्यातून येणारा उजेड मला फार आवडतो, तोच राखायचा आहे. कुठे चुकतंय?

प्रतिसाद:
पेन्स ग्रे वाळल्यावर बराच उतरतो. ओल्यात 'जरा जास्तच झालं' असं वाटेल इतका गडद लावा. पुढच्या रांगेला रंग साईसारखा दाट हवा. आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर पाच छटांची पट्टी करा, वाळू द्या, आणि मगच कुठल्या रांगेला कुठली छटा ते ठरवा.

तुमच्या दोन्ही अडचणी एकमेकींत अडकल्या आहेत. मागच्या रांगेचा पायथा फिकट असला, तरच पुढच्या रांगेचा माथा त्यावर उठून दिसतो. डाग येतात कारण ब्रशमधलं पाणी कागदावरच्या ओलीपेक्षा जास्त असतं. पायथ्याच्या जागी आधी स्वच्छ पाणी लावा, मग वरून माथा रंगवत खाली या. रंग आपोआप त्या ओलीत उतरेल. कागदावरची चकाकी गेली की हात लावायचा नाही. काही सुधारायचं असेल तर पूर्ण वाळल्यावरच.

धागाकर्ती:
मनापासून आभार! पट्टी केली. मी जिला सगळ्यात गडद समजत होते, ती छटा वाळल्यावर मधल्या पायरीवर आली. पायथ्याला आधी पाणी लावून एक रांगही केली, डाग आला नाही. आता पुढची झाडं कोरड्या ब्रशने केली तर त्यांच्या खरखरीत कडा या मऊपणात खुपतील का?