नऊ मांजरं, जुनं चिरेबंदी घर आणि पावसाळा: वास कसा घालवावा?

डिचोलीची_माऊ
डिचोलीत जुनं घर आहे. मांजरं नऊ. त्यातले तीन बोके, दोघांची नसबंदी झालीय, तिसरा आठ महिन्यांचा आहे, त्याची बाकी. लिटरच्या पाट्या (मांजरांनी शी-शू करायच्या, मातीने भरलेल्या) चार, चारही न्हाणीशेजारच्या खोलीत. जमीन बहुतेक कोब्याची, दोन खोल्यांत जुन्या सिमेंटच्या लाद्या. रोज फिनाइलने पुसून घेतो. उन्हाळ्यात फारसं जाणवत नाही, पण मिरगाचा पाऊस लागला की सोप्यापर्यंत वास येतो. अगरबत्ती, रूम फ्रेशनर लावून झालं. चतुर्थीला घर भरतं, त्याआधी काय करता येईल?

कोबा_आणि_चिरा
आधी फिनाइल बंद करा. काळं असो की पाइन तेलाचं पांढरं, मांजराच्या यकृताला ती द्रव्यं नीट निकामी करता येत नाहीत आणि पंजे चाटताना ती पोटात जातात. शिवाय त्याचा अंश जमिनीत राहिला तर खाली सांगतोय तो इलाज लागू पडत नाही.

वास पावसातच का उठतो? मुतातला युरिया जिवाणू फोडतात, त्याचा अमोनिया होऊन उडून जातो. मागे यूरिक आम्लाचे स्फटिक राहतात. ते पाण्यात जवळपास विरघळत नाहीत, म्हणून कितीही पुसा, तिथेच. हवा दमट झाली की डागातले क्षार ओलावा ओढतात आणि जिवाणू पुन्हा कामाला लागतात. कोबा आणि सिमेंटची लादी सच्छिद्र, त्यामुळे मूत खाली मुरलेलं असतं.

रात्री दिवे घालवून यूव्ही टॉर्च फिरवा. ३९५ नॅनोमीटरची चालते, ३६५ची अधिक स्पष्ट दाखवते. मुताचा डाग पिवळट हिरवा चमकतो. निळसर पांढरं चमकलं तर ते बहुधा कपड्यांच्या साबणाचं, त्याला फसू नका. खडूने खुणा करा. भिंतीही तपासा, जमिनीपासून वीतभर ते दीड वीत उंचीपर्यंत, खास करून दाराच्या चौकटी आणि कपाटांचे कोपरे.

खुणा केलेली जागा साध्या पाण्याने दोनदा धुऊन फिनाइलचा अंश काढा. मग एन्झाइम क्लीनर ओता, म्हणजे यूरिक आम्ल फोडणारं बाटलीतलं द्रव. शिंपडून उपयोग नाही; मूत जितकं खोल गेलं तितकं द्रव जायला हवं, म्हणजे डागापेक्षा चार बोटं बाहेरपर्यंत जागा भिजली पाहिजे. वर प्लास्टिक अंथरून बारा ते चोवीस तास ओलं ठेवा. एन्झाइम ओलाव्यातच काम करतं, लोक पाच मिनिटांत पुसून टाकतात आणि मग बाटलीला नावं ठेवतात. नंतर पंखा लावून वाळवा. जुन्या डागाला दोन-तीन फेऱ्या लागतात. मधल्या फेरीत वास वाढल्यासारखा वाटेल, तो पूर्ण वाळल्यावर उतरतो.

वास पूर्ण गेल्यावर आणि जमीन कोरडी ठणठणीत झाल्यावरच सीलरचे, म्हणजे जमिनीची छिद्रं बुजवणाऱ्या लेपाचे, दोन हात द्या. ओलीवर दिला तर पापुद्रे निघतात. सध्याच्या हवेत जमीन तेवढी वाळणं कठीण, तेव्हा सीलर दिवाळीनंतर.

झारा_हातात
नऊ मांजरांना नियमाने दहा पाट्या हव्यात (मांजरं अधिक एक). दहा जमल्या नाहीत तरी सहा-सातच्या खाली जाऊ नका, आणि त्या निदान तीन ठिकाणी ठेवा. एका खोलीतल्या चार पाट्या मांजराच्या लेखी एकच जागा. दारात एक दांडगट बोका बसला की बाकीच्यांची वाट बंद, मग कोपरे शोधले जातात.

पाटी मांजराच्या लांबीच्या दीडपट हवी. झाकणवाली नको, आत अमोनिया कोंडतो. बेंटोनाइटची माती (ओली झाली की गुठळी धरणारी) पाच ते सात सेंटीमीटर भरा. थर पातळ असेल तर मूत तळाला जाऊन चिखल चिकटतो आणि वास तिथूनच येतो. गुठळ्या सकाळ-संध्याकाळ काढायच्या, बारीक छिद्रांचा जुना झारा चालतो. दोन-तीन आठवड्यांनी सगळी माती टाकून पाटी गरम पाण्याने आणि बिनवासाच्या साबणाने घासा. प्लास्टिकवर नखांचे चरे पडतात आणि वास त्यात बसतो, म्हणून पाटी वर्षाने बदला. स्टीलचं पसरट घमेलं मिळालं तर उत्तमच.

मातीचं पोतं पावसात उघडं ठेवू नका. झाकणाच्या पिंपात ठेवा, नाहीतर माती आधीच ओलावा पिते आणि गुठळी धरत नाही. सुगंधी माती नकोच, बरीच मांजरं ती टाळतात.

डिचोलीची_माऊ
आभार. व्हिनेगर मारलं तर? शेजारी ब्लीचिंग पावडर सुचवतात.

कोबा_आणि_चिरा
ब्लीचिंग पावडर अजिबात नको. अमोनियाशी मिळून क्लोरामाइन वायू होतो, बंद खोलीत माणसालाही त्रास देतो. व्हिनेगर चुना आणि सिमेंट खातं, कोब्याची चकाकी जाईल. चिनी मातीच्या लादीवर समभाग पाण्यात घालून चालेल, पण यूरिक आम्लाचं ते काही करत नाही. डांबराच्या गोळ्या आणि कापूरही कोपऱ्यांत ठेवू नका, दोन्ही मांजरांना विषारी.

बोकेवाला_फोंडा
तिसऱ्या बोक्याचं काम याच आठवड्यात करून घ्या. पूर्ण वाढलेल्या बोक्याच्या मुतात फेलिनिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं, ते फुटून गंधकाची द्रव्यं होतात. बोक्याचा तो उग्र दर्प त्यांचाच. नसबंदीनंतर काही आठवड्यांत तो उतरतो. दहातला एखादा बोका त्यानंतरही भिंतींवर मूत फवारत राहतो, पण उशीर केला तर सवय पक्की होते. एकाने सुरुवात केली की बाकीचे त्याच जागी उत्तर देतात.

एक सावधगिरी. पाटी नियमित वापरणारं मांजर अचानक बाहेर मुतायला लागलं तर मूत्रमार्गाचा आजार आधी तपासा. बोका कुंथतोय आणि थेंब येत नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर. एक-दोन दिवसांत जीव जातो.

परसातली_बाय
काढलेल्या गुठळ्या संडासात टाकू नका. बेंटोनाइट फुगून नळ आणि सेप्टिक टाकी दोन्ही तुंबवतं. पिशवी घट्ट बांधून कचऱ्यात द्या. परसात पुरणार असाल तर विहिरीपासून आणि भाजीच्या वाफ्यापासून लांब, पावसाचं पाणी वाहत नाही अशा उंच जागी. घरात कोणी गरोदर असेल तर पाटीचं काम दुसऱ्याने करावं. टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची अंडी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांत संसर्गक्षम होतात, म्हणूनही रोजची सफाई चुकवू नये.

आणि बांगड्याची डोकी, तारल्यांचे काटे रात्रभर ताटलीत ठेवत असाल, तर अर्धा वास त्याचा.